मंद वाऱ्यासाठी जुना विंडसर्फिंग बोर्ड घेताय? नाशिककरांनो, या चुका टाळा

गंगापूर धरणाचं पाणी शहराच्या पश्चिमेला पसरलेलं आहे. गोदावरी त्यात त्र्यंबकेश्वरच्या बाजूने येते आणि धरणाची भिंत पूर्वेच्या टोकाला आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर आणि पावसाळ्याच्या तोंडावर सुटणारा वारा बहुतेक पश्चिमेचाच असतो. त्यामुळे ज्या बोर्डला वाऱ्याच्या तोंडाकडे चढता येत नाही, तो तुम्हाला हळूहळू भिंतीच्या दगडी पिचिंगकडे घेऊन जाणार, आणि तिथे जायला मुळातच मनाई असते.

म्हणून जुना बोर्ड बघताना मी आधी त्याच्या वेगाची चौकशी करत नाही. सहा नॉटच्या (ताशी सुमारे ११ किलोमीटरच्या) वाऱ्यात हा बोर्ड जिथून निघाला त्याच काठावर परत येईल का, एवढंच मला आधी कळायला हवं असतं. या एका प्रश्नाने विकायला आलेले निम्मे बोर्ड बाद होतात. तरीही लोक नेमके तेच घेतात, कारण ते दिसायला देखणे असतात आणि स्वस्तात मिळतात.

विकणाऱ्याच्या ‘लाइट विंड’वर विश्वास ठेवणं

गोव्यातला किंवा मुंबईतला रेसर जेव्हा म्हणतो की बोर्ड लाइट विंडसाठी उत्तम आहे, तेव्हा त्याच्या डोक्यात दहा-बारा नॉट असतात. तेवढ्या वाऱ्यात रुंद बोर्ड आणि मोठं शीड घेऊन तो प्लेनिंग करतो, म्हणजे बोर्ड पाणी कापायचं सोडून पाण्यावर चढून धावायला लागतो. आपल्याकडे हिवाळ्यात कित्येक दिवस वारा चार ते सात नॉटांच्या पुढे जात नाही. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे पाच नॉटमध्ये दहा नॉटच्या फक्त एक चतुर्थांश जोर मिळतो. तो रेसर ज्या बोर्डवर उडतो, त्याच बोर्डवर तुम्ही जागच्या जागी उभे राहाल.

त्यात मोबाइलवरचं हवामानाचं ॲप आणखी घोळ घालतं. तिथे १५ हा आकडा दिसतो, पण तो बहुधा किलोमीटर प्रतितासातला असतो. एक नॉट म्हणजे १.८५२ किलोमीटर प्रतितास, म्हणजे ते १५ जेमतेम आठ नॉट भरतात. विकणाऱ्याशी बोलताना दोघांनीही नॉटमध्येच बोलायचं असं आधी ठरवून टाका.

नाशिकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट समुद्रावरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहोत. इथली हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ आहे, त्यामुळे तेवढ्याच नॉटच्या वाऱ्यात शिडाला तेवढाच कमी जोर मिळतो. फरक लहान आहे, पण मंद वाऱ्यात सगळा खेळच लहान फरकांचा असतो.

या चुकीतून घेतला जाणारा ठरलेला बोर्ड म्हणजे फॉर्म्युला. मीटरभर रुंद, आखूड, डॅगरबोर्ड (बोर्ड बाजूला वाहू नये म्हणून मधून खाली सोडायचं पातं) नसलेला आणि खाली ७० सेंटिमीटरपर्यंतची फिन, म्हणजे मागच्या टोकाचं उभं पातं. कसलेल्या माणसाच्या हातात, दहा-अकरा चौरस मीटरचं शीड लावून तो कमी वाऱ्यात खरोखर कमाल करतो. पण प्लेनिंग सुटलं की तो पाण्यावर तरंगणारं दार होतो. शिवाय एप्रिल-मे महिन्यात पाणी उतरलं की काठाजवळ दगड आणि झाडांचे बुंधे वर येतात, तेव्हा ७० सेंटिमीटरची फिन सांभाळणं कठीण जातं. नवख्याने फॉर्म्युला घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाला तरी.

लिटरचा हिशेब समुद्राच्या पाण्यावर करणं

हिशेब साधा आहे. बोर्डचं आकारमान लिटरमध्ये सांगतात, आणि एक लिटर गोडं पाणी एक किलो वजन पेलतं. समुद्राचं खारं पाणी त्याहून अडीच टक्के जड असतं, म्हणून तिथे तोच बोर्ड जरा जास्त उचलतो. धरणात ती सवलत नाही.

समजा तुमचं वजन ७२ किलो आहे. मास्ट (शिडाची उभी काठी), बूम (हातात धरायचा आडवा दांडा) आणि शीड मिळून दहा किलो, ओलं लाइफ जॅकेट आणि कपडे दोन किलो, बोर्ड स्वतः चौदा किलो. झाले ९८ किलो. आता शंभर लिटरचा बोर्ड घेतलात तर तुम्ही त्यावर उभे राहताच तो जवळजवळ पूर्ण पाण्याखाली जातो. वारा जोरात असता तर शिडाने तुम्हाला वर ओढून घेतलं असतं. इथे तो आधार नाही. मंद वाऱ्यासाठी १८० ते २४० लिटरचा बोर्ड घ्या, आणि शिकाऊ असाल तर या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात राहा.

लिटरचा आकडा बहुतेक वेळा बोर्डच्या मागच्या बाजूला किंवा मास्ट ट्रॅकजवळ, म्हणजे मास्टचा पाया बसतो त्या खाचेजवळ छापलेला असतो. तो घासून गेला असेल तर मॉडेलचं नाव विचारा. नाव आणि लिटर दोन्ही सांगता येत नसतील तर तो सौदा सोडून द्या.

लांबीला घाबरणं

‘एवढा लांब ठेवायचा कुठे?’ हा प्रश्न खरा आहे. फ्लॅटच्या जिन्यातून ३.७ मीटरचा बोर्ड वळत नाही. पण फक्त या कारणासाठी अडीच मीटरचा आखूड बोर्ड घेणं म्हणजे मंद वाऱ्यावर आधीच पाणी सोडणं.

प्लेनिंग होत नसतं तेव्हा बोर्डचा वेग त्याच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो. नौकांसाठी वापरतात त्या ढोबळ सूत्राने ३.७ मीटरची मर्यादा येते साधारण ४.७ नॉट आणि २.४ मीटरची ३.८. शिवाय लांब बोर्ड सरळ चालतो, आणि झुळूक मेली तरी पुढची झुळूक येईपर्यंत घसरत राहतो. आपल्याकडे डोंगरांच्या आडोशामुळे वारा तुकड्यातुकड्यांनी येतो, तेव्हा हे घसरत राहणंच कामाला येतं.

जुन्या बाजारात मिळू शकणाऱ्या डॅगरबोर्डवाल्या मॉडेलांत तीन नावं लक्षात ठेवा. मिस्ट्रल वन डिझाइन ३७२ सेंटिमीटर लांब आहे. १९९६, २००० आणि २००४ च्या ऑलिंपिकमध्ये हाच बोर्ड होता. माझ्या मते आपल्या पाण्यासाठी सर्वांत योग्य, फक्त अरुंद असल्याने पहिले काही दिवस तोल जातो. बिक टेक्नो २९३ नावाप्रमाणे २९३ सेंटिमीटर लांब आणि २०५ लिटरचा. शिकणाऱ्या मुलांसाठी आणि हलक्या मोठ्यांसाठी छान. तिसरा आरएस-एक्स: २८६ सेंटिमीटर लांब, ९३ रुंद, २००८ पासून टोकियोपर्यंत ऑलिंपिकचा वर्ग. २०२४ ला त्याची जागा फॉइलवाल्या (बोर्डला पाण्याच्या वर उचलणारं पंखासारखं पातं असलेल्या) आयक्यूफॉइलने घेतली. आरएस-एक्स स्थिर आहे, वजनदार माणसाला सोसतो, पण रेसिंगमध्ये पिळून निघालेला असण्याची शक्यता मोठी. तो घेणार असाल तर पुढची तपासणी दुप्पट काळजीने करा.

गाडीवर नेण्याचीही भीती नको. आपल्याकडच्या छोट्या गाड्या करसवलतीमुळे चार मीटरच्या आत, पण चारच्या अगदी जवळ असतात. चांगला रूफ रॅक आणि रुंद पट्टे असले की मिस्ट्रलसुद्धा टपावर बसतो.

फोटो बघून पैसे पाठवणं

नाशिकमध्ये जुने बोर्ड क्वचितच विकायला निघतात. माल बाहेरगावचा असतो, म्हणून लोक चार फोटो बघून आगाऊ रक्कम पाठवतात. फोटोत रंग दिसतो, पण आत शिरलेलं पाणी दिसत नाही आणि सुटलेला थरही दिसत नाही. स्वतः जा. जमत नसेल तर तिथल्या ओळखीच्या माणसाला पुढच्या गोष्टी करायला सांगा आणि व्हिडिओ कॉलवर प्रत्येक गोष्ट बघा.

आधी वजन. घरातल्या वजनकाट्यावर नुसते उभे राहा, मग बोर्ड उचलून उभे राहा, आणि वजाबाकी करा. कंपनीने दिलेल्या वजनापेक्षा किलोभर जास्त चालेल, कारण पट्टे, दुरुस्त्या यांचं वजन त्यात येतं. तीन-चार किलो जास्त भरला तर आत पाणी आहे. ‘उन्हात ठेवला की सुकेल’ असं विकणारा म्हणेल. आतल्या फोममध्ये मुरलेलं पाणी निघायला महिने लागतात, आणि ते शिरलं कुठून हे शोधल्याशिवाय सुकवून काही उपयोग नसतो.

मग नाणं घ्या आणि बोर्डच्या वरच्या बाजूवर इंचाइंचाने वाजवत जा. चांगल्या भागातून कडक, कोरडा आवाज येतो. जिथे थर फोमपासून सुटला आहे तिथे आवाज अचानक बसका होतो. टाचा पडतात ती जागा, पायाच्या पट्ट्यांच्या मधला भाग आणि मास्टच्या मागचा भाग अंगठ्याने दाबून बघा. किंचित दबून परत वर आला तर डिलॅमिनेशन, म्हणजे थर सुटणं, सुरू झालंय. तळहाताएवढी जागा असेल तर दुरुस्ती होते. दोन-तीन ठिकाणी असेल तर परत फिरा.

बोर्डचं नाक बघा. वारा अचानक वाढला की माणूस पुढे फेकला जातो आणि मास्ट नाकावर आदळतो. तिथे बहुतेक जुन्या बोर्डांना दुरुस्ती असतेच, ती असण्यात काही वावगं नाही. ती नीट घासून, सपाट केलेली आहे का आणि तिच्या कडेने केसासारख्या भेगा आहेत का, हे मात्र बघा.

यानंतर डॅगरबोर्ड, आणि इथे घाई करू नका. मंद वाऱ्याचा सगळा मदार याच पात्यावर आहे. पायाने ढकलून ते पूर्ण खाली जायला हवं आणि पायानेच वर यायला हवं, मधल्या कुठल्याही कोनात थांबायला हवं. आपोआप घसरत असेल तर घर्षणाचे रबर झिजलेत, ते बदलता येतात. अजिबात हलत नसेल तर वाळू अडकली आहे की पातं वाकलं आहे ते तिथेच खोलून बघा. खोबणीच्या आत टॉर्च मारा. बोर्डमध्ये पाणी शिरण्याची ही नेहमीची जागा, आणि इथली भेग बाहेरून दिसत नाही. बुडाशी खोबणीवर दोन लवचीक पट्ट्या असतात, त्यांना गॅस्केट म्हणतात. त्या फाटलेल्या असतील तर पाणी खोबणीत घुसळतं आणि वेग मरतो, पण त्या स्वस्तात नव्या लावता येतात. डॅगरबोर्डच हरवला असेल आणि ‘मिळून जाईल कुठेतरी’ असं सांगितलं तर व्यवहार थांबवा. जुन्या मॉडेलचं पातं मिळणं फार अवघड असतं.

मास्ट ट्रॅकचे स्क्रू घट्ट आहेत का, ट्रॅकभोवती गोल भेगा आहेत का, फिन बॉक्सच्या कोपऱ्यात तडे आहेत का, हे झटपट बघून होतं. बॉक्सचा प्रकार विचारून ठेवा. पॉवर बॉक्स, टटल बॉक्स आणि यूएस बॉक्सच्या फिनी एकमेकांत बसत नाहीत.

शेवटी युनिव्हर्सल जॉइंट. मास्ट आणि बोर्ड यांना जोडणारा हा लवचीक तुकडा उन्हाने आणि वयाने तडकतो. तो दोन्ही हातांनी वाकवा आणि भेगा उघडतात का ते बघा. भेग दिसो वा न दिसो, जुन्या सौद्यात हा भाग नवाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. धरणाच्या मध्यावर तो तुटला तर शीड एकीकडे आणि बोर्ड दुसरीकडे जातो. सोबत सेफ्टी लाइन, म्हणजे दोन्ही जोडून ठेवणारी जादा दोरी, असायलाच हवी.

घाट चढताना व्हेंट स्क्रू विसरणं

समुद्रकिनाऱ्यावरून बोर्ड आणणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगतो. फोम आणि कडक कवच असलेल्या बहुतेक बोर्डांना वर एक छोटा व्हेंट स्क्रू, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारा स्क्रू असतो. तो बंद ठेवून तुम्ही मुंबईहून कसारा घाट चढलात तर बाहेरच्या हवेचा दाब जवळपास सात टक्क्यांनी कमी होतो, आतला तसाच राहतो. हा फरक कवचाच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून सुमारे सातशे किलोचा रेटा देतो. त्यात टपावरचं ऊन आतली हवा आणखी फुगवतं. चांगला बोर्ड घरी पोहोचेपर्यंत पोटावर फुगा घेऊन येऊ शकतो.

निघताना स्क्रू सैल करा, पाण्यात उतरण्याआधी घट्ट करा. स्क्रूच्या खालची रबरी रिंग चिरलेली असेल तर बदला. काही बोर्डांना स्वतः श्वास घेणारा व्हेंट असतो, त्याला हात लावायची गरज नाही. कुठला आहे ते विकणाऱ्याकडून समजून घ्या. आणि काळ्या पिशवीत गुंडाळून मे महिन्याच्या उन्हात बोर्ड गच्चीवर ठेवू नका. चंदेरी पिशवी किंवा सावली, दोन्हीपैकी एक हवंच.

दुरुस्ती जवळच्या एफआरपीवाल्याकडे देणं

सातपूर-अंबडला फायबरचं काम करणारे हात आहेत, मग बोर्ड तिथे का देऊ नये? जरूर द्या, पण रेझिन कोणतं वापरणार ते आधी विचारा. एफआरपीची, म्हणजे फायबर-प्लास्टिकची, बरीचशी कामं पॉलिस्टर रेझिनवर चालतात. त्यातलं स्टायरीन बोर्डच्या आतल्या पांढऱ्या थर्माकोलसारख्या फोमला विरघळवतं. वरून दुरुस्ती चकचकीत दिसते आणि आत पोकळी तयार होते. अशा, म्हणजे ईपीएस फोमच्या बोर्डला इपॉक्सी रेझिनच लागतं. कारागीर तयार असेल तर इपॉक्सी तुम्ही स्वतः नेऊन द्या.

ऐंशीच्या दशकातले काही लांब बोर्ड पॉलिथिलीनच्या कवचाचे असतात. ते दणकट, जड, आणि त्यांच्या कवचावर इपॉक्सी धरतच नाही. तसा बोर्ड भेग नसलेला मिळाला तर घ्या, भेग असेल तर सोडा.

गळती कुठे आहे हे कळत नसेल तर व्हेंटमधून तोंडाने हलकेच फुंका आणि संशयाच्या जागी साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील. पंप लावू नका, त्या दाबाने थर सुटतात.

शीड मोठं घेतलं की वारा वाढतो, हा समज

नऊ-साडेनऊ चौरस मीटरचं शीड पाण्यातून दोरीने वर ओढताना नवख्याची कंबर जाते, आणि चार नॉटमध्ये त्याचा फायदाही फारसा जाणवत नाही. लांब बोर्डवर ५.५ ते ७ चौरस मीटर पुरे. पारदर्शक मोनोफिल्म बोटांत किंचित वाकवून बघा. ती कडकड वाजत असेल आणि दुधाळ झाली असेल तर उन्हाने खाल्ली आहे, पहिल्याच पडण्यात फाटेल. मास्टची लांबी आणि ताठपणा शिडावर छापलेल्या आकड्यांशी जुळायला हवा. शक्यतो शीड, मास्ट आणि बूम एकाच माणसाकडून, एकमेकांना लावून दाखवलेले घ्या.

बोर्ड घरी आला, पण पाण्यावर ऐकत नाही

आधी एक महत्त्वाचं. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं, परवानगी आणि लाइफ जॅकेट याशिवाय उतरू नका. नांदूरमध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. तिथे शीड घेऊन जायचा विचारसुद्धा नको.

बोर्ड सारखा वाऱ्याच्या खालच्या बाजूला वाहत असेल तर बहुतेक वेळा डॅगरबोर्ड अर्धाच उतरलेला असतो. पूर्ण खाली करा आणि शीड जरा मागे कलवा. उलट, बोर्ड हट्टाने वाऱ्याच्या तोंडाकडेच वळत असेल तर मास्ट ट्रॅकमध्ये मास्टचा पाया पुढे सरकवा, नाहीतर डॅगरबोर्ड थोडा वर घ्या. वारा वाढल्यावर बोर्ड एका कडेवर उभा राहून पलटी मारू लागला तर पातं खोल असल्याने पाणी त्याला खालून उचलतंय. पायाने पातं पूर्ण आत ढकला, बोर्ड लगेच शांत होतो.

वारा पूर्ण पडला तर बोर्ड सोडून पोहायला लागू नका. शीड बूमसकट बोर्डवर आडवं घ्या, त्यावर पोटावर झोपा आणि हातांनी वल्हवा. लांब बोर्ड असेल तर काठ वाटतो तेवढा दूर नसतो.

आणि बोर्ड विनाकारण जड, ओढल्यासारखा वाटत असेल तर एकदा फिन तपासा. पाणवेलीची मुळं आणि शेवाळ सरळ उभ्या फिनला गुंडाळतात. मागे कललेली वीड फिन घेतली की ती घसरून जातात. ती आखूड असल्याने उन्हाळ्यातल्या उथळ काठावरही टेकत नाही, आणि डॅगरबोर्ड खाली असेपर्यंत तिच्या आखूडपणाने काही बिघडत नाही.